उसना गळा

एकशे चौदा चित्रपटांत तुर्गाय केस्किन बोलला
तो माझ्या गळ्यानं.
हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं,
आणि बेयोलूच्या तळघरातल्या
रजया ठोकलेल्या भिंतींना.

खरं नाव दुर्मुश. अदानाचा.
कापसाच्या गासड्या वाहून वाहून
पाठ अशी झालेली, की निर्माते निहात बे
तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले,
"शरीर ठेवा. जीभ नको."
कारण दुर्मुशनं तोंड उघडलं की आवाज
बारीक, करडासारखा,
आणि शब्दाशब्दाला शेताची माती.

मग मी. नाटकातला, काम नसलेला,
दमेकरी, छातीनं चिंचोळा,
घोड्याला लांबूनही भिणारा.
पडद्यावर तो ट्रकवरून घोड्यावर उडी घ्यायचा
(एकदाच; फिल्म महाग होती, हाडं स्वस्त)
आणि मी गुडघ्यांवर शाल घेऊन
"आज तुमच्यातला एकही घरी जाणार नाही!"
म्हणून झालं की लिंबू पिळलेला चहा प्यायचो.
मारलेल्या ठोशाला "हं", खाल्लेल्या ठोशाला "आह्".
दोन्हींचे दर वेगळे. "आह्"चा थोडा जास्त.

इझमिरच्या गोदीत त्याचा खांदा निखळला
तेव्हा तो खरोखर ओरडला होता म्हणे.
तळघरात ते रीळ चाललं, मुकं.
तोंड उघडं, फार वेळ उघडं.
मी तीनदा प्रयत्न केला.
शेवटी निहात बे म्हणाले, यावर संगीत टाका.

लोक म्हणत, तुर्गाय मितभाषी. मर्दाला शोभतं.
पत्रकारांपुढे मिशी, सिगारेट आणि मौन.
बायका त्या मौनाच्या प्रेमात पडत.
इकडे मी अर्धा किलो वांगी मागितली
की भाजीवाला दचकून
माझ्या मागं कोण उभं आहे ते बघायचा.

सत्त्याहत्तर साली, ड्युइसबुर्गला,
खाणीतल्या आपल्या कामगारांचं सभागृह. बाहेर बर्फ.
आठशे माणसं टेबलं बडवतायत: बोल! तो संवाद बोल!
तो उभा, भाड्याच्या पांढऱ्या सुटात.
पडद्यामागं, झाडूंच्या शेजारी, मी.
त्यानं उजवा खांदा किंचित उचलला, ही खूण.
मी बोललो. त्यानं ओठ जुळवले.
अक्षर इकडचं तिकडं नाही.
सभागृह रडलं.
परतताना मोटारीत त्यानं एक संत्रं सोललं,
शिरा काढून काढून,
आणि अख्खं माझ्या हातात ठेवलं.

मग घरोघरी टीव्ही, मग व्हिडिओ, मग काहीच नाही.
त्यानं तार्सुसच्या रस्त्यावर पेट्रोलपंप टाकला.
गिऱ्हाइकं म्हणत, तुर्गायदादा, एकदाच, पोरासाठी.
तो हसून गाडीची काच पुसायचा.

एका रात्री फोन. "फेरिदून, मी."
मी म्हटलं, मी कोण?
पलीकडे कुठलासा ट्रक जाऊन संपेपर्यंत शांतता.
मग, "चुकून लागला."
उलट फोन करायला हवा होता.
दमा होता, उशीर झाला होता,
कारणांना काय तोटा.

जनाज्याला रात्रभर बसनं गेलो.
मशिदीच्या अंगणात, दगडावर ताबूत.
इमामांनी विचारलं, "मयत तुम्हाला कसा माहीत होता?"
"चांगला होता," सगळे म्हणाले.
पहिल्या रांगेत त्याचा नातू, तीच पाठ.
मी तोंड उघडलं असतं
तर माना माझ्याकडे नसत्या वळल्या,
ताबुताकडे वळल्या असत्या.
इमामांनी तीनदा विचारलं. रीतच आहे.
तिन्ही वेळा मी नुसते ओठ हलवले,
बरोबर वेळेवर.